इंजिन उकळतंय आणि काटा म्हणतो थंड आहे : दोन वायरींच्या सेन्सरबद्दल

(ऐकणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी मागितला म्हणून या भागाचा मजकूर इथे देतोय. बोलताना आलेले 'अं', 'म्हणजे ना' तेवढे काढलेत. बाकी जसं बोललो तसंच आहे.)

आज कोड नाही, ॲप नाही, आज गाडी. आणि गाडीतलाही एकच भाग, अंगठ्याएवढा. इंजिनाचं तापमान मोजणारा सेन्सर. गॅरेजमध्ये याला कुणी 'टेंपरेचर सेन्सर' म्हणतं, कुणी 'कुलंट सेन्सर', जुने मेकॅनिक नुसतं 'बल्ब' म्हणतात. किंमत काहीशे रुपये. पण याने चुकीचं सांगितलं, किंवा याचं म्हणणं कुणी चुकीचं ऐकलं, तर इंजिनाचं हेड जाऊ शकतं. आणि हेडचं काम म्हणजे हजारांत.

आधी हा काय करतो ते पाहू. इंजिनात फिरणारं जे पाणी असतं, म्हणजे कुलंट, त्यात याचं टोक बुडालेलं असतं. बहुतेक गाड्यांत थर्मोस्टॅटच्या घरट्याजवळ किंवा हेडच्या कडेला तो बसवलेला दिसतो. पितळी किंवा प्लास्टिकचं अंग, आत एक छोटा थर्मिस्टर, आणि मागे दोन वायरींचा कनेक्टर. थर्मिस्टर म्हणजे तापमानाप्रमाणे रोध बदलणारा तुकडा. यात गंमत अशी की तापमान वाढलं की रोध कमी होतो. बॉशचा जो अगदी सर्रास वापरला जाणारा प्रकार आहे, त्याचे आकडे सांगतो, कारण पुढे ते लागणार आहेत. २० अंशांना साधारण २,५०० ओहम. ४० अंशांना पावणेबाराशेच्या आसपास. ८० ला सव्वातीनशे. १०० अंशांना १८६. तुमच्या गाडीचे आकडे वेगळे असू शकतात, पण वळण हेच. सुरुवातीला धबाधबा उतरतं, आणि गरम टोकाला जवळजवळ सपाट होतं.

गाडीचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीएम, एका ठरावीक रोधातून या सेन्सरला ५ व्होल्ट देतो आणि मधे किती व्होल्ट उरले ते वाचतो. बस. त्या एका आकड्यावर पेट्रोल किती मारायचं, थंड इंजिनाचा आयडल किती चढा ठेवायचा, स्पार्क कधी द्यायचा, रेडिएटरचा फॅन कधी लावायचा, आणि डॅशबोर्डवरचा काटा कुठे उभा करायचा, हे सगळं ठरतं. आपल्या भाषेत सांगायचं तर पाच सर्व्हिसेस एकाच इनपुटवर चालतात आणि त्या इनपुटची खातरजमा करणारं फारसं कुणी नाही.

सेन्सर साफच तुटला, तर ते ईसीएमला कळतं. वायर तुटली की रोध अनंत, म्हणजे कॉम्प्युटरच्या दृष्टीने अतोनात थंडी. तुम्ही ब्लूटूथचं ओबीडी यंत्र लावून फोनवर बघितलंत तर कुलंटचं तापमान उणे ४० दिसेल. उणे ४० च का? कारण ओबीडीमध्ये हे तापमान एका बाइटमध्ये येतं आणि त्यातून ४० वजा करायचे असतात. शून्य आलं की उणे ४०, २५५ आलं की २१५. त्यामुळे सोलापुरात मे महिन्यात स्क्रीनवर उणे ४० दिसलं की समजायचं, समोर कुणी बोलतच नाहीये. (आणि हो, सेल्सियस असो की फॅरनहाइट, उणे ४० दोन्हीकडे सारखंच. तेवढं एक ॲपचं सेटिंग तपासायचं वाचतं.) अशा वेळी ईसीएम शहाणपणाने वागतो. चेक इंजिनचा दिवा लावतो, मनाने एक तापमान धरतो, आणि बऱ्याच गाड्यांत फॅन सतत फिरवत ठेवतो. अॅव्हरेज पडतं, पण इंजिन सहसा वाचतं.

धोका दुसरीकडे आहे. सेन्सर बोलतोय, आकडा पटण्यासारखा आहे, आणि तो खोटा आहे.

माझे मामा साताऱ्याला असतात. प्रवासी गाडी चालवतात, सातारा–पुणे, पेट्रोल सेडान. गाडीचा हप्ता अजून चालू आहे, त्यामुळे गाडी एक दिवस उभी राहिली तरी घरात ते जाणवतं. डिसेंबरात त्यांचा फोन आला. अॅव्हरेज १६ वरून १२ वर आलं होतं, सायलेन्सरच्या तोंडाशी काजळी होती, आणि चेक इंजिनचा दिवा. एका गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला, कोड आला पी०१२८. या कोडचं वर्णनच असं आहे की थर्मोस्टॅट असल्यामुळे जेवढं गरम व्हायला हवं तेवढं इंजिन होत नाहीये. साहजिकच त्याने थर्मोस्टॅट बदलला. कोड पुन्हा आला. मग सेन्सर बदलला. पुन्हा आला. मग 'हा पार्ट डुप्लिकेट निघाला असेल' म्हणून दुसरा सेन्सर घातला. या माणसाला मी लबाड म्हणणार नाही. स्कॅनरने जे नाव घेतलं, ते त्याने बदललं. आपल्यातले किती जण एरर मेसेज वाचून त्यात ज्या फाइलचं नाव आलंय तीच फाइल उघडतात? तसंच ते.

आणि मग एके दिवशी खंबाटकी घाटात गाडी उकळली. चार प्रवासी, पुढे ट्रकांची रांग, पहिला-दुसरा गियर. बोनेटखालून वाफ, आणि काटा मात्र खालच्या रेघेच्याही थोडा खालीच. मामांनी गाडी बाजूला घेतली, प्रवाशांना दुसऱ्या गाडीत बसवून दिलं, भाडं गेलं. गॅरेजने निदान केलं की हेड गॅस्केट गेलं, इंजिन उघडावं लागेल, २८,००० धरून चाला.

मला मामा म्हणाले, "तू कॉम्प्युटरवाला ना, बघ बाबा एकदा. नाहीतर सोमवारी गाडी खोलायला टाकतो."

मी शनिवारी पोहोचलो. माझ्याकडे ब्लूटूथचं ईएलएम३२७ यंत्र होतं, स्टिअरिंगखालच्या ओबीडीच्या खाचेत बसतं. फोन अँड्रॉइड असेल तर ब्लूटूथवालं चालतं, आयफोन असेल तर वायफायवालं किंवा ब्लूटूथ लो एनर्जीवालं बघून घ्या. एक साधा मल्टिमीटर. बास, एवढंच.

पहिली तपासणी फुकटची आहे आणि ती प्रत्येकाने आपापल्या गाडीवर एकदा करून बघावी. रात्रभर गाडी उभी राहिली की सकाळी इंजिन, हवा, सगळं एकाच तापमानाला आलेलं असतं. चावी ऑन करायची, इंजिन चालू करायचं नाही, आणि ॲपमध्ये दोन आकडे बघायचे. कुलंटचं तापमान, आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान. दोन्ही जवळजवळ सारखे हवेत, आणि बाहेरच्या हवेशीही जुळायला हवेत. मामांच्या गाडीत हवा १८ दाखवत होती, कुलंट ११. सात अंशांचा फरक. गॅरेजच्या गडबडीत कुणी याच्याकडे बघणार नाही, आणि बघितलं तरी 'चालतं एवढं' म्हणून सोडून देईल.

मग इंजिन चालू केलं, एसी बंद ठेवून. दहा-बारा मिनिटांत रेडिएटरला जाणाऱ्या वरच्या पाइपला हात लावून ठेवता येईना. ॲपमध्ये आकडा ३८. पाइप हाताला चटका देतोय आणि कॉम्प्युटर म्हणतोय ३८. तिथेच इंजिन बंद केलं. म्हणजे थर्मोस्टॅट पहिल्यापासून बरोबर होता.

सेन्सरचा कनेक्टर काढून थेट त्याच्या दोन पिनांवर मीटर लावला. इंजिन गरम होतं, रोध आला अडीचशेच्या आसपास. वर सांगितलेले आकडे आठवा. अडीचशे म्हणजे जवळपास ९० अंश. सेन्सर अगदी खरं बोलत होता. आधी काढून ठेवलेले दोन सेन्सर डिकीत पडले होते, ते गरम पाण्यात बुडवून बघितले, तेही ठणठणीत! तीनही चांगले.

आता आपण कोडमध्ये काय करतो? खरी सर्व्हिस बाजूला ठेवून खोटा, पण माहीत असलेला डेटा देतो. इथे मॉक डेटा म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात एक-दोन रुपयांना मिळणारा २२० ओहमचा रेझिस्टर. त्याचे पाय सेन्सरच्या कनेक्टरमध्ये अलगद बसवले, पिना फाकणार नाहीत अशा बेताने, आणि चावी ऑन केली. वायरिंग नीट असेल तर ॲपने ९४ च्या आसपास दाखवायला हवं. त्याने दाखवलं ३९. मग कनेक्टरच्या मागची वायर हलकीच ओढली. ९३. सोडली, ४१. पुन्हा ओढली, ९४. मामा शेजारी उभे होते, त्यांनी कपाळाला हात लावला.

कनेक्टरच्या आत, जिथे तांब्याची तार पिनेला दाबून बसवलेली असते, तिथे हिरवा गंज चढला होता. तार तुटली नव्हती, म्हणून उणे ४० येत नव्हतं. फक्त मधे हजारेक ओहमचा फुकटचा अडथळा आला होता.

आता इथे जरा थांबू, कारण सगळं गणित इथेच आहे. थंड इंजिनात सेन्सरचा रोध २,७०० होता. त्यात १,००० मिळवले, ३,७००. वळणावर त्याचा अर्थ ११ अंश. चूक सात अंशांची. पण इंजिन ९० ला आलं की सेन्सरचा रोध २४० राहतो. त्यात १,००० मिळवले की १,२४०, म्हणजे ३८-३९ अंश. चूक पन्नास अंशांची! आणि याहून वाईट पुढे आहे. समजा इंजिन तापून १२० ला गेलं. सेन्सर ११० ते ११५ ओहमवर येतो. अधिक १,००० म्हणजे अकराशेच्या थोडं वर, म्हणजे ४१-४२ अंश. इंजिन ९० वरून १२० ला गेलं, आणि कॉम्प्युटरला दिसलं फक्त तीन अंश वाढल्याचं. ईसीएमच्या लेखी इंजिन कायम कोमट, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून काजळी, म्हणून अॅव्हरेज १२. कोमट म्हणूनच पी०१२८. आणि कोमट इंजिनाला फॅन कशाला हवा?

मग इतके दिवस गाडी चालली कशी? एसीमुळे. एसी लावला की कंडेन्सरसाठी फॅन आपोआप फिरतो, कुलंट कितीही असो. मामांच्या गाडीत प्रवासी असतात, एसी चालूच. पण घाट चढताना पिकअप मिळावा म्हणून आपल्याकडचा प्रत्येक ड्रायव्हर काय करतो? एसी बंद करतो. खंबाटकीत एसी बंद झाला, फॅन बंद झाला, वेग कमी म्हणून समोरून वाराही नाही, आणि काट्याला यातलं काहीच कळलं नाही.

दुरुस्ती अगदीच किरकोळ. ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात वायरीसकट नवा कनेक्टर मिळाला, दीडशे रुपये. बॅटरीचं निगेटिव्ह काढलं, जुना कनेक्टर जिथपर्यंत तार हिरवी होती त्याच्या मागून कापला, डाग देऊन जोड केला, वर हीटश्रिंकची नळी. नुसती तार पिळून काळी टेप गुंडाळू नका, बोनेटखालच्या उष्णतेत ती चिकटपणा सोडते आणि सहा महिन्यांत तुम्ही परत तिथेच. कमी झालेलं कुलंट भरून इंजिन चालू केलं. आकडा चढत चढत ८८ ला स्थिरावला. गाडी उभी ठेवून वाट बघितली, नव्वदीच्या पुढे गेल्यावर फॅन लागला, आकडा उतरला, फॅन थांबला. मग हेड गॅस्केटचं काय? तेही तपासल्याशिवाय सोडलं नाही. इंजिन ऑइल दुधाळ झालेलं नव्हतं, थंड इंजिनावर झाकण उघडून चालू केल्यावर टाकीत सतत बुडबुडे येत नव्हते, आणि पुढचे दोन महिने मामांनी दर सकाळी पातळी बघितली, ती हलली नाही. मामा वेळेवर थांबले म्हणून हेड वाचलं. ॲल्युमिनियमचं हेड असतं, वाफ दिसल्यावरही 'वर पोचू मग बघू' केलं असतं तर ते वाकलं असतं.

बरं, सेन्सर कधीच खराब होत नाही असं नाही. माझ्या स्वतःच्या गाडीचा खरंच गेला होता. गरम इंजिनात आकडा ८९ वरून एकदम उणे ४० आणि परत ८९. रेझिस्टर लावल्यावर आकडा ढिम्म हलला नाही, म्हणजे वायरिंग बरोबर, सेन्सर आतून तुटलेला. तो बदलताना काय काय बघायचं ते सांगतो.

इंजिन पूर्ण थंड हवं. ही भीती घालण्यापुरती सूचना नाही. झाकणामुळे आत दाब असतो, म्हणून पाणी १०० च्या पुढे जाऊनही उकळत नाही. झाकण उघडलं की दाब जातो आणि ते सगळं एका क्षणात तुमच्या तोंडावर उकळतं. थंड इंजिनावर झाकण एकदा उघडून दाब घालवायचा आणि परत लावून टाकायचं. याने सेन्सर काढल्यावर कुलंट कमी सांडतं. खाली भांडं ठेवा, नवा सेन्सर हाताशी ठेवा. जुना निघाला की लगेच नवा घालायचा, कपभर सांडेल तेवढंच. सांडलेलं तसंच ठेवू नका. कुलंट गोडसर असतं आणि विषारी असतं, गल्लीतली कुत्री-मांजरं चाटतात.

काही सेन्सर आट्यांचे असतात, बऱ्याचदा १९ नंबरचा खोल सॉकेट लागतो. काही नुसते दाबून बसवलेले, वरून यू आकाराची क्लिप. आट्यांच्या सेन्सरला तांब्याचं वॉशर, क्लिपवाल्याला ओ-रिंग; ती नवीनच घालायची, जुनी परत वापरू नका. आधी हाताने फिरवून बसवा, मग पान्याने बेताने. किती आवळायचं ते मॅन्युअलमध्ये असतं. आपल्याकडे 'अजून एक दाब' द्यायची जी सवय आहे ना, त्याने प्लास्टिकचं घरटं तडकतं आणि काहीशेचं काम काही हजारांत जातं. जुन्या गाड्यांत दोन सेन्सर असतात, एक कॉम्प्युटरचा दोन वायरींचा आणि एक काट्याचा एकाच वायरीचा. एका वायरीच्या सेन्सरला पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, त्याची अर्थिंग आट्यांतूनच होते. आणि दुकानात जाताना जुना सेन्सर किंवा त्यावरचा पार्ट नंबर घेऊन जा. दिसायला सारखे, पण वळण वेगळं, असे सेन्सर असतात. बसेल मस्त, आणि तापमान मात्र कायम चुकीचं सांगेल.

बसवून झालं की कुलंट भरा, हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालवा, आत अडकलेली हवा निघू द्या. ही हवा महत्त्वाची. सेन्सर पाण्याचं तापमान मोजतो, हवेच्या बुडबुड्यात टोक राहिलं तर तो कमी दाखवतो. म्हणूनच पाइप फुटून सगळं पाणी वाहून गेलं तर कधीकधी काटा वर जायच्या ऐवजी खाली येतो. चालत्या गाडीचा काटा अचानक पडला तर 'चला, थंड झाली' असं समजून पुढे जाऊ नका. बाजूला घ्या.

देखभालीबद्दल विचाराल तर सेन्सरची अशी देखभाल नसतेच, तो ज्या पाण्यात बसतो त्याची असते. टाकीत बोअरचं पाणी ओतू नका, क्षार टोकावर थर धरतात आणि सेन्सर आळशी होतो. वाटेत अगदीच वेळ आली तर कुठलंही पाणी ओता, इंजिन वाचवा, पण नंतर ते काढून कंपनीने सांगितलेलं कुलंट भरा. आणि वॉशिंग सेंटरवर 'इंजिन वॉश करून देऊ का साहेब' म्हणून प्रेशरचा फवारा बोनेटमध्ये मारायला निघतात ना, त्यांना नको म्हणा. मामांच्या कनेक्टरमधला हिरवेपणा तिथूनच आला असणार असं माझं मत आहे, गाडी दर पंधरवड्याला आतून धुतली जायची. आता मामा ओल्या फडक्याने पुसतात.

अजून एक. काटा मधे आहे म्हणून निर्धास्त राहू नका. बऱ्याच गाड्यांत काटा मुद्दाम मधे धरून ठेवलेला असतो, मधल्या वीसेक अंशांत तो हलतच नाही, उगाच लोक घाबरू नयेत म्हणून. कित्येक छोट्या गाड्यांत तर काटाच नाही, थंड असताना निळा दिवा आणि तापल्यावर लाल. घाटात जाणार असाल तर ॲपमध्ये कुलंटचा आकडा लावून फोन होल्डरवर ठेवा. आकडा कधी ८५, कधी ९५, पुन्हा ९० असा हलत असेल तर सगळं ठीक. घाट चढतोय, पाइप तापलेत, आणि आकडा चाळिशीत गोठलाय, तर सेन्सर विकत घ्यायच्या आधी ती वायर जरा ओढून बघा.

प्रश्न असतील तर गाडीचं मॉडेल, साल आणि सकाळचे ते दोन आकडे, कुलंट आणि हवा, एवढं लिहून पाठवा. भेटू पुढच्या भागात.